घरचंच रक्त

घमापुरातल्या आमच्या घरी मला पाहायला आलेल्या बाईंनी दादाच्या तोंडावरच विचारलं होतं, "याचा आजार मुलीत तर नाही ना?" दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, शेगडीजवळ गुडघे शेकत बसला होता. त्याला सिकलसेल आहे. थंडी पडली की सांधे ठणकतात. तो उठून आत गेला. बाईंनी दुसरा लाडू उचलला.

लपवाछपवी आमच्या घरात नव्हती. मी सांगून टाकलं, की दादाला सदोष जनुक आईबाबा दोघांकडून मिळालं, मला एकाकडूनच. म्हणजे मी नुसती वाहक, मला त्याचा त्रास नाही. मुलानेही रक्त तपासून घ्यावं, तोही वाहक निघाला तरच पुढच्या लेकरांना धोका. मुलगा खमरियाच्या कारखान्यात नोकरीला, चांगला शिकलेला. पण उत्तर दिलं त्याच्या आईनेच, म्हणजे या बाईंनी, "त्याचं काहून तपासायचं? तो तर रोज जिमला जाते."

नकार आला तोही गल्लीतल्या बायकांकडून. मुलीचं रक्त खराब आहे म्हणे. आमच्या समाजातली किती लेकरं या दुखण्याने कण्हत गेली. आता कुठे एका टोचणीत आधीच कळायची सोय झाली, तर तिचा उपयोग यांनी केला मुली नाकारायला. मला किळस आली होती, अजूनही येते. लग्न मोडल्याचं दुःख म्हणाल तर ते मला फारसं झालंच नाही.

पुढच्या लग्नसराईत त्यांनी मुलाला त्याच्या मामाची मुलगी केली. आमच्याकडे ती चाल जुनीच आहे. कुणीतरी तपासणीचा विषय काढला तेव्हा बाई म्हणाल्या, "घरचंच रक्त आहे, त्यात काय पाहायचं?"

यंदाच्या थंडीत त्या पुन्हा आमच्या दारात उभ्या. वर्षाच्या नातवाचे हातपाय सुजले होते आणि डॉक्टरांनी सिकलसेल सांगितला होता. दादाने मागचं काही उकरलं नाही. बाळाला ऊब द्या, पाणी पाजत राहा, ताप आला तर घरी थांबू नका, असं सगळं नीट समजावलं. त्याच्या या चांगुलपणाचा मला रागच येतो.

ऐकून झाल्यावर बाई मुद्द्यावर आल्या. "अच्छा, ते ठीक आहे. पण पोराचं दुसरं लग्न केलं तर पोरं चांगले होतील ना? सुनेला तिच्या माहेरी पाठवून राहिलो आम्ही."

घरात लेकरू कळवळतंय आणि ही बाई त्याच्या आईला सामानासारखी परत करायला निघालेली.

"बाळाला हा आजार झाला म्हणजे तुमचा मुलगाही वाहक आहे," मी म्हणाले. "दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही."

"त्याच्यात काही नाही जी. सुनेच्या माहेरचं रक्तच खराब निघालं."

"काकू, सुनेचं माहेर म्हणजे तुमचंच माहेर ना?"

त्यांनी पदर सावरला आणि उठल्या. पुढच्या आठवड्यात कळलं, सून बाळासकट माहेरी गेली. पोचवायला बाई स्वतः गेल्या होत्या, आणि भावाच्या घरी पोटभर जेवून आल्या.