आपट्याच्या गोठ्यातला कोळी

पनवेल स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला आपट्याला कशाला जायचंय ते सांगितलं, तर तो मागे वळून म्हणाला, "स्पायडर बघायला? मॅडम, माझ्या घरी चला, कोपऱ्याकोपऱ्यात आहेत."

पुण्याहून पहाटेची निघालेली मी. त्यात डंपर, धूळ, तुंबलेला रस्ता. डोकं आधीच तापलेलं.

सगळे कोळी सारखे नसतात हो! घरातला लांब तंगड्यांचा वेगळा, भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा वेगळा; कुळंच इतकी, की प्रजाती ओळखता ओळखता जीव मेटाकुटीला येतो. गेल्या वर्षी आपट्याच्या वनिताकाकूंच्या गोठ्यात मला एक मादी सापडली. ती कुठल्याच प्रजातीत बसेना. नवी की जुनी, हे ठरवायला नर हवा. त्याच्या तोंडाजवळच्या मुठीसारख्या दोन अवयवांवरून ओळख पक्की होते. आणि दिवाळीनंतर गोठा पाडून तिथे इमारत होणार. म्हणजे हीच शेवटची खेप.

पाताळगंगेच्या काठाने गावात शिरले. गोठ्यात पाऊल टाकलं आणि वर बघितलं. वासे लख्ख, कोपरे लख्ख. एक धागा नाही!

"काकू, जाळी कुठं गेली?"

"सकालीच काढली सारी. तुमी फोन केलाव, पुन्याची पावनी येनार, नि घान तशीच ठेवू?"

"अहो, मी त्या जाळ्यांसाठीच आले!"

"जाली बगाला कोन येतं, बाय? मागं तुमी एक कोली धरून बाटलीत घातलाव. मला वाटला, तुमाला किलस आली."

काकूंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं. रागारागात मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मग दाराआड उभा कुंचा, बांबूला बांधलेला झाडू, दिसला. त्याच्या टोकाला जाळ्यांचा गुंडाळा तसाच होता. अंगणात चिमटा आणि भिंग घेऊन बसले. काकू कुंचा धरून शेजारी.

दुपार कलताना नर सापडला. मेलेला. अंग शाबूत, पाय जवळपास सगळे. नेमक्या त्या दोन मुठी तेवढ्या चिरडलेल्या. मला रडूच आलं.

"गावला ना?" काकूंचा चेहरा उजळला. "माजा जीव भांड्यात परला."

मी "हो" म्हटलं आणि नर बाटलीत ठेवला.

परतीच्या रिक्षात बाटली मांडीवर धरून बसले होते. कोळ्यांना नावं देण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. हा मात्र आता बिननावाचाच राहणार. आणि तो चिरडला गेला, तोही माझ्याच पाहुणचारासाठी.