पोळ्यांचा टॅक्स

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही आणि अक्षर कोंबडीने माती उकरावी तसं. लॉन्ड्रीतल्या कामाने बोटं सुजतात, त्यामुळे आता ते आणखीच वाकडं येतं. तरी लिहिते, कारण हे तोंडाने सांगायला गेले तर अर्ध्यात लाजून गप्प बसेन.

आम्ही ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या कडेला टार्निटला राहतो. मुलाचे वडील गेल्यावर मुलाने मला कायमचं इकडे आणलं. तो कॉम्प्युटरमधला. मी आठवड्यातले तीन दिवस एका मोठ्या लॉन्ड्रीत जाते, तिथे दवाखान्यांच्या चादरी धुऊन घडी होऊन निघतात. उरलेल्या दिवशी घरी पोळ्या करून विकते. युनिव्हर्सिटीतली मुलं नेतात, नोकरी करणारी जोडपी नेतात. मुलाने कौन्सिलात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंद करून दिली आहे. पैसे रोख मिळतात.

दर वर्षी मुलगा माझा टॅक्स भरायला बसला की आमचा वाद ठरलेला.

"पोळ्यांचे पण लिही," मी म्हणायची.

"आई, रोखीचं कोण लिहितं? सरकारला तुझ्या पोळ्या माहीत तरी आहेत का?"

"नाहीत, म्हणून तर सांगायचं."

"तू एकटीच आहेस अशी अख्ख्या टार्निटमध्ये."

"बरं, मग एकटीचंच लिही."

यात माझा काही मोठेपणा नव्हता. मला भीती वाटायची. परक्याच्या घरी जेवायला बसलो तर ताटाखाली काही लपवू नये, एवढंच मला कळत होतं. तो कुरकुरत लिहायचा.

मुलाचं लग्न साताऱ्याला झालं आणि थोड्याच दिवसांत करोनाचा रोग आला. तो लग्न करून परत आला होता, सूनबाई माहेरीच होती. तिच्या व्हिसाचे कागद भरले होते. मग सीमा बंद झाल्या, मेलबर्न बंद झालं, आणि त्यातच मुलाचं काँट्रॅक्ट संपलं. पुढे दिलं नाही.

विहीणबाई फोनवर गोड बोलायच्या. "जावई सध्या घरीच असतात म्हणे? बरं आहे, आईला सोबत झाली." मी आपली हो हो म्हणायची. त्यांना वाटत होतं की मीही घरीच असते. मुलाने लग्न ठरवताना माझ्या लॉन्ड्रीचं सांगितलं नव्हतं. मला ते ठाऊक होतं. मी त्याला कधी विचारलं नाही.

मग व्हिसाच्या ऑफिसचा ईमेल आला. तुमच्या बायकोला व्हिसा द्यायचा तर इथल्या कुणीतरी हमी द्यावी. तिला इथे सरकारी मदत घ्यावी लागली तर ती रक्कम हमी देणाऱ्याने भरायची. त्या माणसाची कमाई अमुक इतकी हवी, मागच्या वर्षाचीही आणि चालू वर्षाचीही, आणि शिवाय बँकेत अनामत ठेवायची. हमी नाही तर व्हिसा नाही.

मुलाला नोकरी नव्हती, त्यामुळे तो स्वतः हमीला चालत नव्हता. सिडनीला गिरावीनमधला त्याचा मित्र आधी हो म्हणाला. दोन दिवसांनी फोन करून नाही म्हणाला. त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं, त्याचं तरी काय चुकलं? मुलगा ताटावर बसायचा आणि वरण-भात चिवडत राहायचा. तिकडे सूनबाईला शेजारणी विचारायच्या, नवऱ्याने नेलं नाही का अजून. ती मुलाला सांगायची नाही, मला सांगायची.

एका दुपारी पोळ्या लाटता लाटता मी विचारलं, "मी चालेन का रे?"

तो हसला. "आई, कमाई दाखवावी लागते."

"मग माझी काय ती?"

हसू तोंडावर तसंच राहिलं आणि तो लॅपटॉप घेऊन ओट्यापाशी आला. माझे टॅक्सचे कागद उघडले. लॉन्ड्रीचा पगार त्या आकड्याला पुरत नव्हता. मग त्याने खालचा दुसरा आकडा त्यात मिळवला. पुन्हा एकदा मिळवून पाहिला. मी तव्यावरची पोळी उलटली.

"बसतंय," तो म्हणाला. "पोळ्यांमुळे बसतंय, आई. थोडंच वर आहे, पण वर आहे."

ती पोळी जरा करपली. ती मीच खाल्ली.

चालू वर्षाची अडचण नव्हती. शहर बंद होतं, पण चादरी बंद नव्हत्या, उलट दुप्पट येत होत्या. तोंडाला मास्क, पर्समध्ये कामाचं परमिट, आणि तीनाचे पाच दिवस झाले होते. सुपरवायझरने पगाराचं पत्र दिलं आणि म्हणाला, "नो वरीज."

राहिली अनामत. मुलाची शिल्लक घराच्या हप्त्यांत चालली होती. मी आमच्या भिशीत विचारायचं ठरवलं. आम्ही मराठी बायका दर महिन्याला सारखे पैसे काढतो आणि जिची चिठ्ठी निघेल ती सगळे उचलते. नवी भिशी सुरू होणार होती. पहिली उचल मला मिळाली असती तर काम झालं असतं. पण ती मागायची कशी? बाकीच्या सगळ्या शिकलेल्या, माझ्याहून लहान. मी भिशीत चहा प्यायची आणि गप्प बसायची.

तेव्हा भिशी फोनवर व्हिडिओने व्हायची. मी नीट पाठ करून बोलले. सगळं बोलून झालं तरी कुणी हूं की चूं नाही.

"काकू, तुम्ही म्यूटवर आहात," भिशी चालवणारी म्हणाली. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, ग्लेन वेव्हर्लीला राहते.

म्हणजे पुन्हा सगळं सांगणं आलं. दुसऱ्यांदा पाठ केलेलं आठवेना, म्हणून मी एवढंच म्हणाले, "सुनेला आणायचंय. पहिली उचल मला द्या."

भिशीवालीची मुलगी चिठ्ठ्यांचा डबा हलवत होती. "कॅन आय पिक नाऊ?"

"थांब. पहिली चिठ्ठी नाही काढायची. पहिली काकूंची." मग ती बाकीच्यांना म्हणाली, "कुणाची हरकत? आणि शेवटचा नंबर माझा ठेवा, मला घाई नाही." एकीने चेष्टा केली, "हरकत नाही, पण सून आली की काकूंनी पुरणपोळ्या पाठवायच्या. टॅक्ससकट." मुलाने ती गोष्ट सगळीकडे केली होती तर.

कागद गेल्यावर ऑफिसातून माझ्यासाठी फोन आला. एक बाई इंग्रजीत विचारणार आणि दुभाषे मराठीत सांगणार. मुलगा शेजारी बसला, पण त्याला बोलायची परवानगी नव्हती.

"आपण ही हमी स्वतःच्या मर्जीने देत आहात का?"

"हो."

"पैसे भरायची वेळ आली तर आपल्याला भरावे लागतील, हे समजलं आहे का?"

"समजलं. पण ती वेळ येणार नाही. पोरगी कामाची आहे."

"आपलं उत्पन्न कशाचं?"

"चादरींचं आणि पोळ्यांचं."

दुभाष्यांनी ते सांगितलं. त्या बाईंनी पुन्हा काहीतरी विचारलं. दुभाषे म्हणाले, "त्या विचारतायत, पोळ्यांचा हिशोब आपण पहिल्यापासून दाखवला आहे का?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले. माझा आवाज अजिबात कापला नाही. मला माझंच नवल वाटलं.

व्हिसा आला त्या दिवशी मुलाने स्वतः साताऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या ओळखीने झालं असेल हो."

"नाही, आईच्या पगारावर झालं," तो म्हणाला. "आई दवाखान्यांच्या चादरी धुते आणि पोळ्या विकते. मी तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं."

मग विहीणबाईंनी मला विचारलं, "किती पोळ्या करता हो दिवसाला?" एका बाईने दुसरीला विचारावं तसं. मी सांगितलं. "बाई गं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कधी टोमणा मारला नाही.

सूनबाई आली. आधी रोगाच्या नियमाने तिला हॉटेलात कोंडून ठेवलं, मग घरी सोडलं. आता ती डे-केअरमध्ये लहान मुलं सांभाळते. मुलालाही नोकरी लागली. तो म्हणाला, "आई, भिशीचे हप्ते आता मी देतो." मी नको म्हटलं. हमी माझी होती, हप्तेही माझेच.

शेवटचा हप्ता ग्लेन वेव्हर्लीवालीला जायचा होता, कारण शेवटचा नंबर तिचा. मी म्हटलं, हा हातात द्यायचा. तोवर सगळं उघडलं होतं. सूनबाई आणि मी ट्रेनने गेलो, गाडी बदलून, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. सूनबाई पाकिटात वर एक डॉलर ठेवायला लागली. मी काढायला लावला. आहेरात वर एक ठेवतात, देण्यात नाही.

ग्लेन वेव्हर्लीवालीने दारातच पाकीट घेतलं आणि न मोजता आत ठेवायला निघाली.

"मोजून घ्या," मी म्हणाले.

"काय हे काकू, तुमचे काय मोजायचे?"

"मोजा."

तिने माझ्यासमोर मोजले. बरोबर होते. "फिटलं हो काकू सगळं," ती म्हणाली, आणि मी डबा उघडला.