एकवीस नावांचा कार्यक्रम

धाकलूचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. कशेळ्यापर्यंत चार मैल पायी, तिथून मिळेल त्या गाडीने कर्जत, पुढे खोपोली. सातच्या भोंग्याला तो कागद कारखान्यात लगद्याच्या गाठी उचलायला उभा असे. चौतीस वर्षांत खाडे सात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी डोळा त्याच वेळेला उघडतो. या माघात मात्र तो चुलीकडे न जाता आधी टेप लावत होता.

टेपेवर शैलाताई होत्या, भिसेगावच्या शिक्षिका. सावकाराच्या वेठीला पिढ्यान्‌पिढ्या जुंपलेली ठाकरवाडीतली एकवीस घरं त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी सोडवली होती. सरकारने त्या घरांना माळावर जमिनीचा एकेक तुकडा दिला. ताईंची सभा त्या माळावरच होई. आधी एखादी बाई गाणं म्हणे. मग माणसाचा हक्क म्हणजे काय ते ताई सांगत आणि शेवटी एकेक नाव घेऊन मेर, म्हणजे त्या तुकड्याची हद्द, सांगत. उगवतीला आंबा, मावळतीला ओहोळ, ही जमीन जैतूची, हाय का? दीडशे माणसं म्हणत, हाय. कागद न वाचता येणाऱ्यांचा तोच सातबारा. त्या सभा टेप करायचं काम धाकलूने आपणहून अंगावर घेतलं होतं.

ताई पौषात गेल्या. कर्जतमध्ये छोटं रेडिओ केंद्र चालवणाऱ्या देवव्रतने धाकलूला तासाभराचा कार्यक्रम करायला सांगितलं. गाणी आणि भाषणं एकत्र गुंफायची. देवव्रतच्या हिशेबाने दोन दिवसांचं काम होतं. धाकलूने एकोणीस घेतले. टेपांना बुरशी होती, ती कापसाने पुसली. वाऱ्याचा घोंघाट जिथे शब्द खात होता, तिथे तोच शब्द दुसऱ्या सभेतून शोधला. ‘हाय’ संपतो तिथेच ढोलाची थाप पडली पाहिजे, आधी नाही, नंतर नाही. सभेत गाणारी मंगळी तेव्हा लग्न होऊन नुकतीच वाडीत आली होती. आता ती विधवा, साठीची, एकटी. तेच गाणं तिच्या अंगणात पुन्हा भरून घेतलं. तरण्या आवाजाने सुरू झालेली ओळ म्हाताऱ्या आवाजाने संपते, असं जुळवलं.

काम पुरं झालं आणि धाकलूने आवतण द्यायला सुरुवात केली. त्याच्या गावात दिवसकार्याचं आवतण दारोदार जाऊन देतात. एकही दार गाळत नाहीत. बोलाचाल बंद असेल त्या घरीही जातात. हा कार्यक्रम म्हणजे ताईंचे दिवस, असं त्याने धरलं होतं. बेचाळीस दारं झाली. त्रेचाळिसावं प्रवीणचं.

प्रवीण त्याच सावकाराचा नातू. कशेळ्यात ऑफिस थाटून तो मुंबईच्या लोकांना बंगल्यांसाठी जागा मिळवून देतो. माळ त्याला हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने धाकलूला खुर्ची दिली, चहा मागवला.

“नावं पन लागनार का, मामा?”

“समदी. मेरेसकट.”

कुठल्या मेरा, कुठली झाडं, हे प्रवीण सावकाश विचारत गेला. कामाबद्दल विचारलं की नीट सांगायचं, एवढंच धाकलूला माहीत. त्याने सांगितलं. उठताना प्रवीण दारापर्यंत पोचवायला आला. वाटेने धाकलूला अस्वस्थ वाटत राहिलं. प्रवीण रागावला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मंगळीच्या मेरेवरचे दोन दगड नव्हते. नुसते खळगे, तळाला पिवळं पडलेलं गवत. माळाच्या पायथ्याशी पांढरी जीप उभी राहू लागली. तिच्यातून कोणी उतरत नसे.

देवव्रतला फोन आला. बोलणारा सभ्य होता, केंद्राच्या परवान्याची चौकशी करत होता. देवव्रतने धाकलूला बोलावलं. “काका, भाषणं राहू द्या, गाणी राहू द्या. नावं तेवढी काढू. पाच मिनिटांचा तर भाग आहे.”

त्या पाच मिनिटांना अकरा दिवस लागलेत, असं धाकलू म्हणाला. पण नावं त्याची नव्हती. तो वाडीत गेला आणि मंगळीला सगळं सांगितलं, प्रवीणच्या चहासकट.

मंगळी सुपात तांदूळ निवडत होती. “तू त्याच्या दारात गेलास व्हय? शानाच हायेस.” मग म्हणाली, “मी हितं एकटी ऱ्हाते. गाडी रोज येती. भ्या वाटतं मला.” सूप खाली ठेवलं. “पन नाव काढलंस तर माजं गानं पन काढ. नाव नाय, तर मी गायले कुनासाठी रं?”

धाकलूने देवव्रतला तेच सांगितलं, आणि नावं कार्यक्रमात राहिली.

रविवारी संध्याकाळी सहाला वाडी मंगळीच्या अंगणात बसली. मधे रेडिओ. गाणं झालं, भाषण झालं, नावं सुरू झाली. खाली जीपचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला. ही जमीन गजाची, हाय का? रेडिओतून दीडशे माणसं म्हणाली, हाय. त्यांतली निम्मी मेलेली होती. अंगणात कोणी तोंड उघडलं नाही. मग मंगळी एकटीच म्हणाली, हाय. तिच्या मागून म्हातारा सखा. पुढच्या नावाला दोघं-चौघं.

सकाळी माळावर एकही दगड नव्हता. आंबा बुंध्यापासून कापलेला होता. लाकडाचा ओला वास लांबूनच येत होता. प्रवीण आधीच तिथे उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, “कार्यक्रम ऐकला, मामा. उगवतीला आंबा म्हनत व्हते. दावा ना कुठं हाय.”

झाड कुठलं, हे त्याला कोणी सांगितलं ते धाकलूला कोणी विचारलं नाही. तो बुंध्यापाशी बसला, दोन्ही हात पसरून त्याचा घेर मोजला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने बँकेतून फंडाचे उरलेले सगळे पैसे काढले आणि कर्जतच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकवीस घरांच्या नावाचे एकवीस अर्ज दिले. चौतीस वर्षं उचललेल्या गाठींच्या मजुरीतून एकवीस तुकड्यांच्या मेरा पुन्हा आखून देणाऱ्या सरकारी मोजणीची फी भरली गेली. तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.