रशवानदादाच्या ताब्यातले वीस कॉम्प्युटर

माझा मोठा भाऊ रशवान, त्याला जाऊन आज चाळीस दिवस झाले. लोक आले, कुराण वाचून झालं, जेवले, गेले. मला लिहिता फार येत नाही, पोरीच्या मोबाईलवर बोलते तसंच टाकतेय.

आमच्या नझलेत शाहीन गावच्या सरकारी शाळेत दादा सामान सांभाळायचा. सोहागवरून, जिल्ह्याच्या ऑफिसातून, वीस कॉम्प्युटर आले, सही त्याची घेतली. आमच्याकडे इजिप्तमध्ये असंच, ज्याची सही त्याचा ताबा, मोडलं तर त्यानेच भरायचं. म्हणून तीन वर्षं सगळे प्लास्टिकमध्येच. दादा वरून फडकं मारायचा, लावायचा नाही. मास्तर म्हणायचे, "काय रशवानकाका, अंडी उबवताय का? पिल्लं कधी?" हसायचा बिचारा.

माझी वफा नववीत. पुढे मोठ्या शाळेत परीक्षा स्क्रीनवरच असते, आणि पोरीने माऊस कधी धरला नव्हता. एकदा जेवताना बोललीच, "मामा, तुम्ही शाळा राखता का कुलूप राखता?" मी तिला दटावलं. दादाने शम्सी भाकरी अर्धीच टाकली, उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने खोली उघडली. हेडमास्तर बहगतला विचारलंच नाही. अठरा पोरी बसवल्या. वफा सांगते, स्क्रीन लागली तेव्हा मामाच सगळ्यात जास्त ओरडला. दहा मिनिटं झाली असतील, भिंतीतून धूर आला आणि सगळं बंद. वायर जुनी होती. दादाने दोनदा अर्ज दिलेला, वायरमन पाठवा म्हणून. कोणी आलं नव्हतं.

बहगत धावत आला. "लिही, पोरींनी मस्ती केली. सुटशील."

"पोरींनी खुर्चीपण हलवली नाही साहेब. बटण मी दाबलं."

"मग भोग आपल्या कर्माची फळं."

खोलीला लाखेचं सील लावलं, दादाला घरी बसवलं. वीसही जळाले असं कागदावर लिहिलं, एक उघडून बघितला नाही कोणी. चार महिने दादा चौकशीच्या ऑफिसचा जिना चढला. आज साहेब नाहीत, आज कागद वर गेलाय. त्याच जिन्यात पडला. मी पोचले तोवर थंड झाला होता.

परवा सील तोडायला चौकशीची कमिटी आली, वारस म्हणून मला बोलावलं. वायरमन आणला, आता आणला. त्याने बाहेरून वायर ओढून एकेक लावून बघितला. वीसच्या वीस चालू. जळाली होती फक्त भिंतीतली वायर.

कमिटीवाला म्हणाला, "हाज्जा, अभिनंदन, तुमच्या भावावर काही निघालं नाही."



मग त्याने विचारलं, आता ताबा कोण घेतो? सगळे मास्तर चपलांकडे बघत बसले. सही कोणी केली नाही. वफा दारात उभी होती, बहगतने तिला बाजूला केलं आणि कुलूप लावलं.