मशीनला धूळ नको

आमच्या पार्किंगवरचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरवताना कामगारांच्या श्वासात किती घातक धूळ जाते, हे मोजायला एक तपासनीस आले. त्यांनी सखाराम नावाच्या कामगाराच्या कॉलरला हवा ओढणारं छोटं मशीन अडकवलं. तपासनीस चहाला वळताच मुकादमाने मशीनवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली.

“अहो, धूळच मोजायचीय ना!” मी ओरडले.

“ताई, महागाचं मशीन आहे. आत धूळ गेली तर?”

टीव्हीच्या रिमोटला, सोफ्याला, गाडीच्या सीटला आपण हौसेने प्लॅस्टिक घालतो. माणसाचं नाक मात्र उघडंच. शिसारी आली मला. पुढे होऊन मी पिशवी फाडली.

सखाराम खोकत हसला. “मशीनपेक्षा आम्हीच दणकट, ताई.”

मुकादमाने खिशातला स्वच्छ रुमाल काढून त्याच्याकडे फेकला. “घे. आधी मशीन पूस.”