सुकटीचा वास आणि सुनंदा सिस्टर

शाळेच्या नर्स सुनंदा सिस्टरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून शाळा पुस्तक काढते आहे. पालकांच्या वतीने मी बोलावं असं ठरलं. मी सांगते, नात तन्वी लिहिते. तिने मधलं काही गाळलं तर मला कळणार नाही, एवढाच धोका.

आमची पहिली ओळख भांडणाने झाली. तन्वी तेव्हा दुसरीत होती. तिची छाती भरली की मी ओव्याची धुरी द्यायचे. शाळेच्या आरोग्य खोलीतून बोलावणं आलं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, मुलीला दमा आहे. धुरी बंद."

"आमच्या पिढ्या धुरीवर वाढल्या, बाय."

"वाढल्या असतील. ही माझ्यासमोर धापा टाकते आहे."

मग पंप कसा ओढायचा ते त्यांनी मला बसवून शिकवलं आणि तन्वीच्या नावाचा एक पंप शाळेच्या कपाटात ठेवून घेतला.

कोरोनात शाळेला टाळं लागलं, पंप आतच राहिला. घरातला संपत आलेला, दुकानात मिळेना. अशात सिस्टरच दारात उभ्या. मुख्याध्यापकांकडून किल्ली घेऊन त्यांनी कपाट रिकामं केलं होतं, आणि ज्याचं औषध त्याच्या घरी पोचवत नेरूळभर स्कूटीवर फिरत होत्या. कुणाला दमा, कुणाला फिट, कुणाला साखर, सगळं त्यांना तोंडपाठ.

नंतर रोज सकाळी सिस्टरांचा फोन. ताप आहे का? खोकला? वास येतो का? पोरं काय, सगळ्यालाच बरं आहे म्हणतात. एकदा फोन चालू असताना मी सुकट, आमची वाळवलेली मासळी, भाजत होते. तन्वी मला बापासारखंच आये म्हणते; ती आतून ओरडली, "आये, मला पन दे!" सिस्टरांनी विचारलं, "तिला आत बसून वास आला?" दुसऱ्या दिवशी गावठाणातल्या घराघरांत हुकूम पोचला: सकाळी तव्यावर चिमूटभर सुकट भाजा, मुलाला काही विचारू नका, ते काय करतं तेवढं मला कळवा. आता गंमत बघा, सिस्टर साताऱ्याच्या, शाकाहारी. सुकटीचं नाव काढताना फोनवरसुद्धा नाक धरल्यासारख्या बोलायच्या.

एका सकाळी घरभर वास सुटला आणि तन्वी तव्याशेजारी बसून मुकाट चित्र रंगवत राहिली.

मुलगा महेश घाबरला; आमच्या बिल्डिंगीच्या वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या. "आये, कोनाला बोलू नको. बिल्डिंग सील करतील, भाडेकरू पलतील."

"आनि पोरीला काय झाला तर भाडेकरू तिला परत आनतील काय?"

माझ्या फोनात सिस्टरांच्या नंबरावर त्यांचा फोटो आहे. तो दाबला.

त्या आल्या. तन्वीच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि लगेच ॲम्ब्युलन्सला फोन केला. गाडी येईपर्यंत तिला पालथी निजवून पाठीवर हात ठेवून बसल्या. महेशला एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट भाडेकरूंना त्यांनीच समजावलं. आणखी थांबला असतात तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

तन्वी बरी होऊन घरी आली, तरी बरेच दिवस सुकटीकडे बघेना. मग एकदा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आये, जलतंय ना!" मी सिस्टरांना फोन लावला. पोरीला वास आला, म्हटलं. त्या म्हणाल्या, "जळू दे आजी, आज जळू दे."

शाळा उघडल्यावर कितीतरी मुलं पोटदुखीचं निमित्त करून त्यांच्या खोलीत येत. कुणाची आजी गेलेली, कुणाचे वडील. सिस्टर त्यांना गोळी न देता शेजारी बसवून पट्ट्या गुंडाळायला लावत. पट्ट्या संपेपर्यंत मूल बोलायला लागे.

सिस्टर, आता तुम्ही निवृत्त होऊन बेलापूरच्या घरी बसणार, रोज आमच्या तब्येती विचारणाऱ्या तुम्ही स्वतःची सांगणार नाही. म्हणून मीच अधूनमधून येईन आणि तुमच्या गॅसवर सुकट भाजेन. तुम्ही दारापर्यंत पळत सुटलात की समजेन, सिस्टर ठणठणीत आहेत. अशाच खूप वर्षं पळत राहा.