दिलेली साक्ष परत घेता येत नाही

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला धक्का बसायला नको. गोड अनुभव लिहायला सांगितलं असतं तर मी सरळ नाही म्हटलं असतं. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका बाईंनी "जसं झालं तसंच लिहा" म्हणून गळ घातली. जसं झालं तसं सांगायचं, तर सुरुवात माझ्याच चुकीपासून होते. देवाने अजून काम पुरं केलं नव्हतं आणि मी घाईने त्याच्या नावाचा डांगोरा पिटला.

आम्ही बीदरचे. मी घरीच ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. आमचे मालक शाळेच्या मुलांची गाडी चालवायचे. त्यांचा आवाज बसला तेव्हा आम्ही म्हटलं, पोरांवर ओरडून ओरडून बसला असेल. निघाला गळ्याचा कॅन्सर. मग हैदराबादच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहाटेची बस, मांडीवर रिपोर्टांची पिशवी आणि शेजारी ते, मफलरमध्ये तोंड लपवून बसलेले. त्या दिवसांत मी जेवढी प्रार्थना केली तेवढी जन्मात केली नव्हती. तशीही माझी प्रार्थना लांबच. मालक चिडवायचे, "हिला प्रार्थनेला बसवायच्या आधी चुलीवर डाळ ठेवा, आमेनपर्यंत वरण तयार!"

आठ महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता काही दिसत नाही. पुढच्या महिन्यात आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सुगीचा सण होता. त्या दिवशी लोक ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या आणून वेदीपुढे ठेवतात आणि ज्यांच्यावर कृपा झाली ते उभे राहून साक्ष देतात. आमची उपासना कानडीत होते, पण माझं माहेर उदगीरकडचं, पोटातलं सगळं मराठीतच निघतं. मी मराठीतच बोलले. रडत रडत बोलले. "माझ्या देवानं मला लाजवलं न्हाई," असं म्हणून मालकांचा हात धरून वर केला. सगळं देऊळ हालेलुयाने दुमदुमलं. गायनमंडळातल्या एका पोरीने ते मोबाइलवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत ते औरादपासून हुमनाबादपर्यंत पोचलं.

वर्ष भरायच्या आत गाठ परत आली. या वेळी फुप्फुसात. अडीच महिने गेले आणि मालकही गेले.

मातीच्या दिवशी लोक काय काय बोलले ते मी विसरलेली नाही. विसरायचंही नाही मला. एकजण म्हणाली, देवाची योजना असते. दुसरी म्हणाली, देवाला बागेतलं चांगलं फूल हवं असतं. मी म्हटलं, तुझ्या बागेतलं कामून नेलं न्हाई मग? तिसरी तर माझ्या पाठीमागेच कुजबुजली, साक्ष देताना गर्व झाला असेल, नाहीतर विश्वास कमी पडला असेल. तेवढंच खरं माझ्या काळजात रुतून बसलं. महिना महिना मी शोधत राहिले, कुठं कमी पडला, कुठल्या रात्री, कुठल्या शब्दात. आपल्या माणसाला आपणच मारलं की काय, हा विचार ज्याच्या डोक्यात एकदा शिरला त्यालाच कळेल तो काय असतो.

मी देवळात जायचं सोडलं. देवळाचे पाळकसाहेब दोनदा आले, चहा पिऊन गेले. रविवारी घंटा वाजायला लागली की मी मशीनवर बसून जोरात पाय मारायची. स्वतःसाठी प्रार्थना तर बंदच केली. ज्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्याच्याशी पुन्हा काय बोलायचं?

आणि तो व्हिडिओ फिरतच राहिला. मी त्या पोरीला तो काढून टाकायला लावला, पण एकदा हजार फोनांत गेलेलं कोण कुठून काढणार! कुणीतरी भालकीहून फोन करायचं, कुणी बसवकल्याणहून. "अक्का, तुमचे मालक बरे झाले म्हणे, आमच्यासाठी बी मागा की." सुरुवातीला मी सांगायची. पलीकडून लगेच फोन बंद. जणू माझ्या घरची मरणकळा त्यांना तारेतून लागणार होती. नंतर मी अनोळखी फोन घेणंच सोडलं.

काशम्मा मात्र फोन न करता आली. दुपारची वेळ, मी एका लग्नाचे ब्लाऊज बेतत होते. दारात एक बाई उभी, माझ्याच वयाची, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. कमठाण्याची, घरची शेती. तिची लेक बाळंत होऊन चार दिवस झाले होते. बाळ चांगलं होतं, पण लेकीला झटके आले आणि तेव्हापासून ती बेशुद्ध, बीदरच्याच दवाखान्यात श्वासाच्या मशीनवर. भाच्याच्या फोनवर माझा व्हिडिओ बघून ती विचारत विचारत आली होती.

"आमी काय तुमच्या देवाचे न्हाई, अक्का," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "आमचं बसवण्णाचं घर. खोटं कशाला सांगू? पर तुमच्या घरी देव आला व्हता म्हणून आले."

माझा संताप झाला. तिच्यावर नाही, देवावर. माझी थट्टा करायला त्याने आता दुसऱ्याच्या घरचं माणूस पाठवलं होतं. मी कात्री खाली ठेवली आणि एका दमात बोलले, "ते गेले. बरे झाले न्हाईत. ती व्हिडिओ खोटी हाय. तुमी चुकीच्या घरी आलाव."

ती गेली नाही. चप्पल काढून आत आली आणि जमिनीवर माझ्यासमोर बसली. "कवा गेले?" तिने विचारलं. मग शेवटी काही खात होते का, त्रास झाला का, जवळ कोण होतं, हे सगळं विचारलं. सात महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. जो तो अर्थ सांगायला आलेला, हकीकत ऐकायला कुणीच नाही. मी सांगत गेले. शेवटी त्यांना पाणीही गिळता येत नव्हतं, मी चमच्याने ओठ भिजवायची, ते सांगितलं. ती स्वतःची लेक मशीनवर ठेवून आलेली बाई माझ्या नवऱ्यासाठी रडली.

मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "तरी बी मागा की, अक्का."

"मी? माझं ऐकलं न्हाई त्यानं. डोकं फिरलंय का तुमचं?"

"ज्याचं झालं त्याला काय कळतंय मागायचं कसं ते. तुमाला ठाव हाय."

मी डोळे मिटले आणि जी प्रार्थना केली ती प्रार्थना कमी आणि भांडण जास्त होतं. "देवबापा, माझं ऐकलं न्हाईस. हिचं तरी ऐक. आमेन." डाळ सोडा, पाणीसुद्धा तापलं नसतं तेवढ्यात. काशम्माने हात जोडले आणि भेटायची वेळ झाली म्हणून लगबगीने दवाखान्यात गेली.

त्यानंतर तीन आठवडे काही कळलं नाही. नंबर घेतला नव्हता. मी मनात धरून चालले की ती पोरगीही गेली. आणि खरं सांगते, त्यात मला थोडं बरंही वाटत होतं, आपण एकटेच नाही म्हणून. माणसाचं मन असं घाण असतं.

चौथ्या आठवड्यात ती आली. हातात पिशवी नाही, पेढे नाहीत, चेहरा पडलेला. मी म्हटलं, झालं. उठून तिचा हात धरला. तर ती म्हणाली, "अक्का, पोरगी उठली. घरी आनलाव तिला. तवाच उठली व्हती, तुमच्याकडून गेल्यावर तिसऱ्या दिवशी."

"मग तोंड असं कामून केलायसा?"

"तीन आठवडे गल्लीच्या तोंडापस्तोर येऊन परत जायलालते," ती म्हणाली. "तुमचं न झालेलं माझं झालं. कुठल्या तोंडानं सांगू तुमाला?"

साधू-संत नाही मी. तिची उठली, माझे का नाही? ज्याच्यासाठी गुडघे झिजवले तो गेला, आणि रागाने टाकलेल्या दोन वाक्यांवर परकी पोरगी उठली! डॉक्टर म्हणाले औषधाने उठली, तसंही असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही. पण माझा हेवा खरा होता आणि तो मला समोर दिसत होता. त्याच वेळी हेही दिसत होतं की आपल्या घरात आनंद आलेला असताना ही बाई माझ्या दुःखाला जपत तीन आठवडे गल्लीतून परत गेली होती. आमच्या मंडळीत कुणी असं केलं नाही. मी स्वतः केलं नव्हतं. त्या सणाच्या दिवशी मी मालकांचा हात वर केला तेव्हा मागच्या बाकावर किती विधवा बसल्या होत्या, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी तिला मिठी मारली आणि दोघी रडलो. ती आनंदाने रडली, मी कशाने ते मला नीट सांगता येणार नाही. मग मी चहा केला आणि नातवाचं नाव काय ठेवायचं यावर बराच वेळ बोलणं झालं.

ती गेल्यावर मी कापड बाजूला सारून तिथेच जमिनीवर बसले. प्रभू येशूनेही क्रुसावर जायच्या आदल्या रात्री घाम गाळून मागितलं होतं की हे दुःख टळू दे. टळलं नाही. त्याचाही विश्वास कमी पडला होता, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग माझ्या मालकांच्या मरणाचा हिशोब मी माझ्या विश्वासावर का मांडत बसले? त्या दिवशी मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही. पण उत्तर नसताना जवळ येऊन बसणारं कुणीतरी मिळालं होतं, आणि तिला कुणी पाठवलं याबद्दल मला शंका राहिली नाही. त्याबद्दल मी आभारी आहे, रागासकट आभारी आहे.

सात-आठ महिन्यांनी पहिल्यांदा मी स्वतःसाठी तोंड उघडलं. "देवबापा, तिची पोरगी जगवलीस, बरं केलंस. माझा माणूस नेलास, ते मला पटलेलं न्हाई. पटवून दे असं बी म्हनत न्हाई. पर हे घर लई मोकळं झालंय, तेवढा तू येत जा."

आमेन म्हणायला मला बराच वेळ लागला, पण म्हटलं.